गडावरचा तळ आणि पायथ्याची घंटा

संपादकमहाशयांनी या अंकासाठी सूत्र दिले ते ‘थांबा’ या एकाच शब्दाचे, आणि सोबतच्या पत्रात असे सुचवले, की विलायतेत रानाच्या कडेला झाडीत मोटारी लावण्यासाठी जागा राखलेली असते, तिथे गाडी ठेवून माणसे पायी निघतात, वाटेवरची दोन-तीन खेडी आणि त्यांतली जुनी चर्च पाहून दुपारपर्यंत गाडीपाशी परततात. तर तुमच्या कोल्हापुराकडे असे काही आहे काय, ते एकदा पाहून कळवावे. पत्र वाचून मला प्रथम हसू आले, आणि मग थोडी लाजही वाटली. कारण झाडीतला वाहनतळ आमच्याकडे पन्हाळ्यावर आहे, पायथ्याला खेडी आहेत, कोडोलीपासून कोल्हापूरच्या नदीकाठापर्यंत शतक ओलांडलेली ख्रिस्ती उपासनेची परंपराही आहे, परंतु या तिन्ही गोष्टी एका दिवसात जोडून पाहिलेला एकही कोल्हापूरकर माझ्या परिचयात नव्हता, आणि न पाहिलेल्यांत मी स्वतःही होतो.

म्हणून वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा, असा दोनदा गेलो.

पडक्या दरवाजातून

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने निघाले म्हणजे शिवाजी पूल ओलांडून, वडणग्याचा फाटा आणि केर्ली मागे टाकून, वाघबीळच्या वळणांवर गाडीचा आवाज बदलतो, आणि वीसएक किलोमीटरांचा प्रवास संपताना नगरपरिषदेच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती हातात पडते. पावती फाडणाऱ्या कर्मचाऱ्याला मान वर करायला सवड नसते. रविवारी सकाळी दहानंतर मागची रांग वळणाच्या पलीकडे जाते. नाक्याच्या पुढे रस्ता जिथून गडात शिरतो ती जागा चार दरवाजाची, पण दरवाजा शोधू जावे तर सापडत नाही. १८४४ साली कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी बंड केले, साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच धरून पन्हाळ्यावर कोंडले, आणि मग इंग्रजांच्या तोफांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात गड घेतला, त्या धामधुमीत आणि त्यानंतरच्या पाडापाडीत हा दरवाजा नाहीसा झाला. म्हणजे आज आपली मोटार सुखाने वर चढते ती एका पाडलेल्या दरवाजाच्या कृपेने. शाबूत राहिलेल्या तीन दरवाजातून, त्याच्या वळत्या देवड्यांमधून, एखादी बैलगाडीही विचार करून गेली असती.

‘तळ’ हा शब्द मला या प्रवासात वरचेवर छळत राहिला. फलकावर ‘वाहनतळ’ असे लिहिलेले असते. बोलण्यात सगळेच ‘पार्किंग’ म्हणतात. पण तळ म्हणजे मूळचा लष्कराचा मुक्काम, आणि पन्हाळ्याला तळाची ओळख फार जुनी: १६६० मध्ये सिद्दी जौहराचा तळ गडाभोवती चार महिने पडला होता, राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपले निशाण फडकावून तोफा डागायला त्यातच सामील झाले होते. तळ पडला की पायथ्याच्या गावांचे पाणी, वैरण, लाकूड यांवर पहिला ताण येतो, हा जुन्या युद्धशास्त्राचा धडा आहे. आणि रविवार सायंकाळचा पन्हाळा पाहिला की तो धडा अजून कालबाह्य झालेला नाही असे म्हणावे लागते.

सावली फिरते तशी

तबक उद्यानाच्या बाजूला झाडी दाट आहे. जांभूळ, आंबा, मधूनच उंच सरळ गेलेला निलगिरी, आणि खाली तांबड्या मातीवर पसरलेला पाचोळा. तिथे गाड्या लावून देणारा एक तरुण होता. वेतनावर की रोजावर हे मी विचारले नाही, पण आपल्या विद्येत तो पारंगत होता हे पाच मिनिटांत कळले. मी माझ्या समजुतीने उत्तम सावलीत गाडी उभी केली, तर तो म्हणाला, “काका, हितं नगं, त्या पल्याडच्या आंब्याखाली घ्या. आता ऊन हाय तिथं, पर दोन वाजता सावली तिकडं जाती. तुमी येणार दोननंतरच.” त्याचा हिशेब सूर्याप्रमाणे चालत होता, आणि गाड्यांप्रमाणेही: कुटुंबाची गाडी जेवणानंतर हलते, कॉलेजातल्या पोरांची केव्हाही हलते म्हणून ती कडेला, आणि सहलीची मोठी बस आत घेतलीच तर तोंड रस्त्याकडे करून, कारण ती मागे घेताना फांद्या मोडतात. जांभळाखालची जागा वैशाख संपता संपता तो रिकामी ठेवतो; टपावर पडलेल्या जांभळांवरून लोक हुज्जत घालतात. माकडांचा बंदोबस्त मात्र त्याच्या अखत्यारीबाहेरचा आहे.

या कौशल्याचे मला कौतुक वाटले. तरी त्याच झाडांकडे वर मान करून पाहिल्यावर दोन-तीन शेंडे वाळलेले दिसले, आणि ते कशाने, हे झाडांचा अभ्यास असलेल्या एका स्नेह्यांनी नंतर समजावून दिले. झाडाचे अन्नपाणी ओढणारी बारीक मुळे आपण समजतो तशी खोल पाताळात नसतात, ती पुष्कळशी वरच्या हात-दीड हात मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात; त्या मातीत कणाकणांमधल्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते; वर्षानुवर्षे चाके फिरली की त्या पोकळ्या मिटतात, पावसाचे पाणी आत न मुरता वरून वाहून जाते, मुळे गुदमरतात, आणि झाड एकदम न मरता शेंड्याकडून हळूहळू वाळू लागते, इतके हळू की ज्या गाड्यांनी ते मारले त्यांचे मालक तोपर्यंत दुसऱ्या गाड्या घेऊन आलेले असतात. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतणे तर त्याहून वाईट. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम दिला होता, तो याच कारणासाठी. सावलीसाठी झाडाखाली गाडी लावायची आणि गाडीच्या भाराने सावली गमवायची, हा व्यवहार आपण बिनदिक्कत चालवला आहे. गाड्यांची रांग झाडांच्या घेराबाहेर ठेवून मधल्या पट्ट्यात पाचोळा तसाच राहू दिला, तर पुष्कळ काम होईल, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यांत पन्हाळा आहे. श्रावणात गेलो तेव्हा अभिमान आणि धास्ती या दोन्ही गोष्टी बाजारात एकाच चहाच्या टपरीवर ऐकू आल्या. पन्हाळा हा ओसाड किल्ला नव्हे. तीन हजारांच्या आसपास वस्तीचे, तालुक्याच्या कचेरीचे ते गाव आहे, ताराराणीच्या वाड्यात शाळा भरलेली या गावाने पाहिली आहे, आणि वारसा म्हटला की आपल्या दुकानाच्या फळीचे काय होणार, ही विचारणा तिथे अगदी रास्त ठरते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला आणि चारचाकी वाहतूक बंद पडली, त्या दिवसांची आठवण एका भाकरीवाल्या मावशींनी काढली. त्या पायथ्याच्या एका वाडीहून डोक्यावर पाटी घेऊन रोज चढतात. गाड्या नव्हत्या तेव्हा गड कसा होता, असे मी विचारले. “लई गार वाटायचं बघा,” त्या म्हणाल्या, आणि झुणक्यावर तेल सोडता सोडता पुढचेही बोलल्या, “पर चूल बी गारच व्हती.”

या उत्तरापुढे मला बोलता आले नाही.

पालखी जिथून गेली

गडावरून जे खाली दिसते ते बहुतेक प्रवासी पुसाटीच्या बुरुजावरून किंवा सज्जा कोठीवरून दृश्य म्हणून पाहतात. हिरव्या तुकड्यांत उसाचे आणि भाताचे चौकोन, मध्ये कौलांचे पुंजके. त्या पुंजक्यांपैकी एक नेबापूर. जुलै १६६० मधल्या ज्या रात्री शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून विशाळगडाच्या दिशेने निसटले तेव्हा दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष घेऊन बसलेला शिवा काशीद या गावचा. नाभिकाच्या घरात जन्मलेला. सिद्दीच्या तळावर ओळख पटल्यावर काय होणार हे त्याला पालखीत बसतानाच ठाऊक होते. बाजीप्रभूंचा पुतळा आणि शिवा काशीदांचे स्मारक यांच्यासमोर गाडी थांबवून छायाचित्रे घेतली जातात, हे योग्यच. पण नेबापुरात वळणारी गाडी मी त्या दिवशी अर्ध्या तासात एकही पाहिली नाही.

नेबापुरात थांबून करायचे काय, असे कोणी म्हणेल. काही नाही. पाराखाली बसावे, वर पाहावे, आणि गड खालून किती मोठा दिसतो हे अनुभवावे. वरून पाहणाऱ्याला गड दिसतच नाही, कारण तो त्याच्या पायाखाली असतो. मला पाराशेजारच्या घरातून न मागता पाण्याचा तांब्या आला, आणि ‘कुठल्या गावचं पाव्हणं’ हा प्रश्न आला; उत्तर दिल्यावर कोल्हापुरातली एकाची सोयरीक निघाली. याच डोंगररांगेत वाडी रत्नागिरीला जोतिबा आहे. चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लाखांनी माणसे चढतात तेव्हा आसपासची रिकामी वावरे वाहनतळ होतात, पण तो तळ वेगळा, कारण तिथे आलेला माणूस गावाच्या देवाकडे आलेला असतो आणि गावातून चालतच वर जातो. पन्हाळ्याचा प्रवासी गावांच्या डोक्यावरून जातो.

कोडोलीची मंडळी

वाघबिळाकडे उतरून कोडोलीच्या रस्त्याला लागले की वारणा खोऱ्याचा ऊस दोन्ही बाजूंनी दाटतो. कोडोली हे आता वारणानगरच्या साखर कारखान्याच्या शेजारचे, बाजारपेठेचे, गजबजलेले मोठे गाव. आणि तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘मिशनचा दवाखाना’, ‘मिशनची शाळा’ हे पत्ते जिवंत आहेत.

याची कुळकथा पुन्हा पन्हाळ्यावरच सुरू होते. कोल्हापुरातल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये पन्हाळ्यावर ठाणे केले. उन्हाळा सोसेना म्हणून गोरे लोक गडावर येत असत हे खरे, पण गडावरच्या बंगल्यातून पायथ्याच्या वाड्यांमध्ये उतरत राहिलेल्या मिशनऱ्यांना लवकरच कळले असावे, की गडावर हवा आहे पण माणसे खाली आहेत. १८९३ मध्ये कोडोलीत मिशनचे स्वतंत्र ठाणे झाले. आपल्या मोटारींना हे शहाणपण सुचायला अजून अवकाश आहे.

या खोऱ्यात ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीत गावकुसाबाहेरच्या वस्तीतली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांनी धर्म का बदलला याची चर्चा आपल्याकडे फार वरवर होते. धान्यासाठी, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी त्या काळचा पाणवठा डोळ्यांपुढे आणावा. ज्या माणसाला पाटलाच्या ओसरीवर बसता येत नव्हते त्याला उपासनामंदिरात रांगेने बसता आले, अक्षरे गिरवता आली, आणि आजारी मुलाला हात लावून तपासणारा डॉक्टर मिळाला. चर्चमध्ये जात दाराबाहेर राहिली असे मात्र समजू नये. सोयरिकीच्या वेळी ती आत येऊन बसत असे, हे मंडळीतले प्रामाणिक वृद्ध स्वतःच सांगतात.

‘मंडळी’ हा या लोकांचा शब्द. चर्च म्हणजे इमारत, आणि मंडळी म्हणजे माणसे, असा तो अर्थाचा फरक आहे. धर्मगुरूला ते ‘पाळक साहेब’ म्हणतात, कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘पंच’, रविवारच्या मुलांच्या वर्गाला ‘शब्बाथ शाळा’. मला भेटलेले एक पंच सत्तरी ओलांडलेले, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. घंटेची भाषा त्यांनी मला शिकवली: उपासनेआधी अर्धा तास पहिली, ती घरातून निघण्यासाठी, दुसरी उपासना सुरू होताना, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी संथ, तुटक घंटा वाजली तर कोणीतरी गेले. त्यांच्या लहानपणी शेतातला माणूस, कोणत्याही जातीचा, ती संथ घंटा ऐकून औत थांबवीत असे. आता शेतात ट्रॅक्टर असतो, आणि ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात.

हंगाम निघाल्यावर उपकारस्तुतीची उपासना होते, तिचे त्यांनी केलेले वर्णन मला त्या इमारतीपेक्षाही मोलाचे वाटते. पहिल्या कणसांच्या पेंढ्या, भाताची पोती, गुळाच्या ढेपा, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, असे सगळे वेदीपुढे मांडले जाते, प्रार्थना होते, आणि मग बाहेर अंगणात त्याचा लिलाव पुकारतात. दोनशे रुपयांच्या कोंबडीला हजाराची बोली लागते, जिंकणारा ती परत अर्पण करतो, आणि तीच कोंबडी पुन्हा लिलावाला उभी राहते. मंडळीचा वर्षाचा खर्च त्यावर पुष्कळसा भागतो. आमच्या जत्रेतल्या नारळाच्या लिलावाची आठवण मी काढली तेव्हा पंच मिस्कील हसले. “गाव एकच की ओ,” ते म्हणाले.

मी ज्या रविवारी बसलो त्या दिवशी पेटी आणि तबल्यावर गाणी झाली, हातांत ‘उपासना संगीत’ होते, चाली ओळखीच्या होत्या. एकीला तर भजनाचाच ठेका. नारायण वामन टिळकांनी अहमदनगरकडे अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, त्याचा ओघ वारणेपर्यंत पोहोचलेला आहे. बाहेर उघड्यावर दुचाकींची रांग होती, चार-पाच मोटारी होत्या, आणि एका कडुलिंबाखालची जागा रिकामी ठेवलेली होती, ती वृद्धांना उपासनेनंतर बसता यावे म्हणून.

पुलाशेजारी

परतताना शिवाजी पूल ओलांडला की लगेच नदीकाठाला ब्रह्मपुरीची टेकडी लागते. पन्हाळ्याचा रस्ता धरताना हजारदा मी तिच्या अंगावरून गेलो होतो. १९४४ ते १९४६ च्या दरम्यान या टेकडीच्या पोटातून सातवाहनकाळच्या वस्तीचे अवशेष आणि समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली. ती भूमध्य समुद्राकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर घाट चढून आलेली, आज टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. त्याच टेकडीवर होली इव्हॅन्जेलिस्ट चर्च आहे, इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेतले. त्या परंपरेचे मिशन कोल्हापुरात १८७० च्या सुमारास आले, आणि १९७० मध्ये नागपुरास निरनिराळ्या पंथांचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले त्यात ती परंपरा मिसळली. परदेशी देव आणि परदेशी धर्म, दोघेही ब्रह्म्याच्या नावाच्या टेकडीवर उतरले आणि इथलेच झाले, ही कोल्हापूरची रीत मला आवडते.

न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरियल चर्च हे ज्याच्या नावाने उभे आहे तो रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये पत्नी एलायझासह कोल्हापुरात आला. पन्हाळ्याच्या तोफा थंडावून आठ वर्षे झाली होती, आणि गोऱ्या माणसाकडे शहराने संशयाने पाहावे यात नवल नव्हते. त्याने शाळा काढल्या. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे धोरण पडले, की मिशनने उपदेश करावा, शाळांत फार गुंतू नये. वायल्डरला ते पटेना, आणि पुढे बोर्डाशी फारकत घेऊन त्याने स्वतःच्या जबाबदारीवर हे ठाणे चालवले, ते १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हाती घेईपर्यंत. दूरच्या कचेरीचे धोरण आणि जागेवरच्या माणसाचा अनुभव यांचा तंटा कोणत्याही दप्तरात सापडतो. इथे जागेवरचा माणूस बरोबर होता असे माझे मत आहे. त्याचा मुलगा रॉबर्ट वायल्डर याचा जन्म १८६३ चा, कोल्हापुरातला. १८८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी स्वयंसेवक चळवळ सुरू झाली आणि जिने पुढे हजारो तरुणांना परदेशी मिशनांकडे ओढले, तिच्या प्रवर्तकांत हा कोल्हापूरचा पोरगा होता. पंचगंगेचे पाणी प्यायलेला माणूस गप्प बसत नाही, असे आम्ही उगाच म्हणत नाही. आणि शाहू छत्रपतींच्या आश्रयाने या शहरात जातीजमातींची वसतिगृहे निघाली त्यांत १९१५ चे इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही आहे, हे वसतिगृहांची गणती करणाऱ्यांनी विसरू नये.

तेव्हा संपादकमहाशयांना माझा कौल असा, की विलायतेसारखे आमच्याकडे सगळे आहे, पण पायवाट नाही. आणि ती आखण्याकरिता वनखाते, नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि मंडळ्या यांनी एका चटईवर बसायला हवे. ते होईल तेव्हा होवो. वाचकांपैकी जे या दिवाळीच्या सुटीत पन्हाळ्याला येतील त्यांनी गाडी झाडाच्या बुंध्याला टेकवू नये, भाकरी पायथ्याहून चढून आलेल्या मावश्यांकडची खावी, आणि उतरताना वाघबिळाच्या फाट्यावर कोल्हापूरकडे वळण्याआधी कोडोलीचा विचार करावा. रविवार असेल तर सकाळीच जावे, उपासना चालू असता छायाचित्रे घेऊ नयेत, दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर आपल्याही काढाव्यात. कडुलिंबाखाली गाडी लावू नये. ती जागा धरलेली आहे.